अक्षयनीवी आणि सूर्याचे मुद्दल

नाशिक सोडून मुंबईच्या वाटेला लागले म्हणजे सुमारे आठ किलोमीटरांवर जी निमुळत्या माथ्याची टेकडी वाटेशेजारी उभी दिसते, तिला आपण पांडवलेणी म्हणतो. परंतु दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी तिच्या कुशीत विहार कोरविले, त्यांनी पांडवांचा कोठेही निर्देश न करता आपल्या प्राकृत लेखांतून तिला ‘तिरण्हु’ म्हटले आहे, आणि पंडितांनी त्या नावाचे संस्कृत रूप ‘त्रिरश्मी’ असे लावले आहे. तीन किरणांचा डोंगर. हे नाव ज्याच्या मुखातून पहिल्याने निघाले त्याने उगवतीचे किरण पाहिले होते की मावळतीचे, हे आता कोण सांगणार? तथापि ज्या डोंगराला किरणांवरून नाव मिळाले, त्याच डोंगरावरच्या एका लेखात असा एक जमाखर्च कोरलेला आहे की तो वाचताना माझे मन दर खेपेस सूर्याकडे जाते, आणि तेथून त्या प्रश्नाकडे, ज्याच्या उत्तराचे काही धागे आपल्या मराठी मुलखाच्या मातीवरून उचलले गेले: सूर्य अनादि काळापासून हा जो खर्च करीत आला आहे, तो व्याजातून की मुद्दलातून?

हा लेख दहाव्या क्रमांकाच्या विहाराच्या ओसरीत आहे. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जामात उषवदात याने बेचाळिसाव्या वर्षी, वैशाख महिन्यात, हा विहार भिक्षुसंघास अर्पण केला, आणि त्याबरोबर 3000 कार्षापणांची ‘अखयनिवि’, म्हणजे अक्षयनीवी, लावून दिली. ती रक्कम त्याने भिक्षूंच्या स्वाधीन केली नाही. गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ती ठेव म्हणून ठेवली. 2000 कार्षापण एका श्रेणीकडे दरमहा दरशेकडा एक या दराने, आणि 1000 दुसरीकडे दरमहा दरशेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत द्यावयाचे नाही, केवळ वाढ भोगावयाची, असे स्पष्ट कलम त्यात आहे. पहिल्या रकमेचे वार्षिक व्याज 240 कार्षापण होते, आणि वर्षावासास राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावेत असे लेख सांगतो. हिशेब शेवटच्या नाण्यापर्यंत जुळतो. हा सारा व्यवहार निगमसभेत ऐकविला गेला आणि रिवाजाप्रमाणे फलकांवर नोंदला गेला, हेही दात्याने नमूद करून ठेवले आहे. ते गोवर्धन गाव आजही गंगापूरच्या शेजारी गोदावरीच्या काठाने नांदते आहे. ते कोष्टी, त्यांचे माग आणि ते फलक काळाच्या उदरात गेले; शिळेवरची नोंद तेवढी शिल्लक राहिली.

मुद्दलाला हात न लावता वाढीवर धर्मकृत्य चालवावे, ही कल्पना आपल्या प्रदेशाच्या हाडीमाशी इतकी खिळलेली आहे की, पुढच्या काळातील देवस्थानांची इनामे, ब्राह्मणांची वर्षासने, अन्नछत्रांच्या नेमणुका या सर्वांच्या तळाशी तीच दिसते. यादवकाळात शेजारच्या खानदेशात, पाटण येथे, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, त्यालाही उत्पन्नाची अशीच कायमची नेमणूक मिळाली आणि तीही शिळेवर कोरली गेली. मला येथे एक गोष्ट विशेष वाटते. ज्या परंपरेने सूर्याची गती कलाविकलांपर्यंत मोजली, ग्रहणाचा स्पर्श व मोक्ष घटका-पळांत वर्तविला, आणि मठाच्या तेलवातीच्या खर्चाचीसुद्धा तरतूद शिलालेखात केली, तिने सूर्याच्या तेलवातीचा हिशेब मात्र कधी मागितला नाही. सहस्ररश्मी तो, त्याची नीवी अक्षयच असणार, असे सर्वांनी गृहीत धरले, आणि युरोपातही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या गृहीताला फारसा कोणी धक्का लावला नव्हता.

धक्का लागला तो उष्णतेच्या नव्या शास्त्रामुळे. ऊर्जा शून्यातून उपजत नाही हे एकदा मान्य झाल्यावर सूर्याला आपली वही उघडून दाखविणे भाग पडले. तो उत्तम दगडी कोळशाचा गोळा असता तर काही थोड्या सहस्रकांत विझून गेला असता. म्हणून जर्मनीत हेल्महोल्ट्झ याने 1854 मध्ये आणि स्कॉटलंडात विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्व्हिन, याने 1862 मध्ये असे प्रतिपादन केले की सूर्य स्वतःच्या भाराने आत आत खचत जातो व त्या खचण्यातून उष्णता निघते. या हिशेबाने त्याची मुदत काही कोटी वर्षांची ठरत होती. भूगर्भशास्त्रज्ञ आणि डार्विन यांना मात्र पृथ्वीवरील थर साचण्यास व जीवसृष्टी घडण्यास याहून कितीतरी अधिक काळ हवा होता. केल्व्हिनचे गणित निर्दोष होते आणि त्याचा अधिकार मोठा. तो मागे हटला नाही, आणि 1897 मध्ये त्याने पृथ्वीचे वय दोन ते चार कोटी वर्षांच्या आत बसविले. आता ज्या शिळेत उषवदाताचा लेख कोरलेला आहे, ती त्रिरश्मीची काळी शिळा, ब्रह्मगिरीची आणि अवघ्या सह्याद्रीची तीच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची आहे. म्हणजे केल्व्हिनचा हिशेब खरा असता, तर नाशिकचा दगड पृथ्वीहून वयाने वडील ठरला असता! दगडाची साक्ष घेण्याची रीत तेव्हा कोणाला ठाऊक नव्हती. साक्षीदार मात्र येथे उभाच होता.

या वादाच्या ऐन भरात, 18 ऑगस्ट 1868 रोजी, हिंदुस्थानावरून खग्रास ग्रहणाची छाया गेली, आणि त्या छायेच्या वाटेवर जमखंडी हे पटवर्धनांचे संस्थान आले. रॉयल सोसायटीने लंडनहून पाठविलेली यंत्रे घेऊन त्रिकोणमितीय सर्वेक्षण खात्यातील लेफ्टनंट जॉन हर्शेल तेथे जाऊन बसला होता. युरेनसचा शोध लावणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू. ऑगस्ट महिना, दक्षिणेतला पावसाळा. ढग ग्रहणाच्या आड येत-जात होते. ग्रहणात रामकुंडावर स्नानासाठी दाटी करणाऱ्या, ‘दे दान सुटे गिराण’ ही आरोळी ऐकून धान्याची पसा-ओंजळ बाहेर काढणाऱ्या आपल्या पूर्वजांना त्या काही मिनिटांचे भय व पावित्र्य ठाऊक होते. त्याच मिनिटांत ढगांच्या फटीतून हर्शेलने आपला वर्णपटदर्शक सूर्याच्या कडेवर उसळलेल्या एका ज्वालाशृंगावर रोखला, आणि त्याला तीन लखलखीत रेषा दिसल्या: एक तांबडी, एक नारिंगी, एक निळी. तांबडी व निळी हायड्रोजनच्या म्हणून ओळखता आल्या. नारिंगी रेषा सोडियमच्या रेषेच्या इतकी जवळ होती की पाहणाऱ्यांनी बहुधा ती सोडियमचीच धरली. त्याच ग्रहणाच्या वेळी गुंटूरला जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने ज्वालाशृंगांच्या रेषा इतक्या तेजस्वी पाहिल्या की दुसऱ्या दिवशी, ग्रहण नसतानाही, त्याने त्या पुन्हा पकडून दाखविल्या. ऑक्टोबरमध्ये इंग्लंडात नॉर्मन लॉकियर याने स्वतंत्रपणे तेच केले, आणि नारिंगी रेषा सोडियमच्या जागी बसत नाही, ती पृथ्वीवर अज्ञात अशा एका मूलद्रव्याची आहे, असे पुढे ठरवून सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला ‘हेलियम’ म्हटले.

येथे थोडे विषयांतर करून एक समजूत दुरुस्त करणे मला कर्तव्य वाटते. विजयदुर्गाच्या किल्ल्यात ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून जे चौथरे दाखवितात, तेथेच 1868 मध्ये लॉकियरला हेलियम सापडला असे आपल्याकडे प्रेमाने सांगितले जाते. लॉकियर त्या वर्षी इंग्लंडातच होता. तो विजयदुर्गास आला तो तीस वर्षांनी, 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी, आणि ‘मेल्पोमीनी’ या युद्धनौकेवरील खलाशांना हाताशी धरून त्याने तेथे निरीक्षणे केली. त्या चौथऱ्यांचा मान याने कमी होत नाही. उलट 1898 चे ग्रहण हे खरोखर मराठी मुलखाचे ग्रहण होते. पौषातल्या त्या अमावास्येस छाया विजयदुर्गापाशी किनाऱ्याला लागली, करमाळा तालुक्यातील जेऊरवरून वऱ्हाडात उतरली आणि नागपूरच्या बाजूने पुढे गेली. जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्बेल आला होता. वऱ्हाडात तळणी येथे ॲनी माँडर या विदुषीने सूर्याच्या किरीटातून दूरवर गेलेल्या तेजोरेषेचे छायाचित्र घेतले. आणि जेऊरलाच पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे अध्यक्ष कावसजी दादाभाई नायगामवाला आपल्या विद्यार्थ्यांसह ठाण मांडून होते. या नायगामवालांचे ऋण आपण मानले नाही, याची मला खंत आहे. त्यांचा ग्रहणाचा अहवाल 1902 मध्ये छापून निघाला. 1912 मध्ये ते निवृत्त होताच वेधशाळा बंद पडली आणि तिची यंत्रे कोडाईकनालला रवाना झाली. नाशिकला 1898 चे ग्रहण खंडग्रासच दिसले. सूर्याची उरलेली कोर पाहून रामकुंडावरचे लोक मोक्षाच्या स्नानाला उतरले असतील, आणि दक्षिणेस दूरवर सुमारे दोन मिनिटांचा अंधार पडून गेला असेल.

तोवर हेलियम पृथ्वीवरही सापडला होता. 1895 मध्ये लंडनला रॅम्झीने एका युरेनियमयुक्त खनिजातून तो मोकळा केला. परंतु तो कोणत्या चुलीतून येतो हे समजायला आणखी पाव शतक जावे लागले. मला या इतिहासाचे सर्वांत मोठे आश्चर्य हेच वाटते, की माणसाला राख आधी दिसली आणि आग मागाहून. जमखंडीला जी नारिंगी रेषा चमकली ती राखेच्या जातीची रेषा होती. जातीची, असे म्हणण्याचे कारण सूर्याच्या पृष्ठावर दिसणारा हेलियम मुख्यतः या चुलीतला नव्हे. ज्या मेघातून सूर्य झाला त्याने तो वारशाने आणला. सूर्याची स्वतःची राख त्याच्या गाभ्यात साठत आहे आणि ती कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

आगीचा पहिला सुगावा तराजूने दिला. 1920 च्या सुमारास केंब्रिजला ॲस्टन अणूंची वजने अपूर्व सूक्ष्मतेने करीत होता. हेलियमचा एक अणू हायड्रोजनच्या चार अणूंपासून घडला असे मानले, तर घडणीत वजन किंचित तुटत होते: हजार भार हायड्रोजन टाकावा तर हेलियम 993 भारच भरावा. उरलेले सात भार कोठे गेले? वस्तुमान व ऊर्जा ही एकाच धनाची दोन नाणी आहेत हे आइन्स्टाइनने 1905 मध्येच सांगून ठेवले होते. एडिंग्टनने 24 ऑगस्ट 1920 रोजी कार्डिफच्या भाषणात ही दोन कलमे एकाखाली एक मांडली, आणि ताऱ्यांच्या पोटात हायड्रोजनचे हेलियम होत असले पाहिजे असे सांगितले. त्याच वर्षी कलकत्त्याच्या मेघनाद साहांनी ताऱ्यांच्या वर्णपटाचा अर्थ लावण्याची किल्ली दिली. त्या किल्लीने कुलूप उघडून सेसिलिया पेन या तरुणीने 1925 मध्ये दाखविले की सूर्य बव्हंशी हायड्रोजनचाच आहे. खजिना सापडला. परंतु त्या खजिन्याचा दरवाजा कसा उघडतो हे अद्याप कोणालाच ठाऊक नव्हते, कारण हायड्रोजनची केंद्रके धनभारित. ती एकमेकांना दूर लोटतात, आणि सूर्याचा गाभा कितीही तप्त असला तरी या विरोधाचा तट ओलांडण्याइतका वेग तेथे त्यांच्या अंगी नसतो. गॅमॉव्हने 1928 मध्ये दाखविले की अणूंच्या सृष्टीत तट ओलांडल्यावाचूनही, क्वचित, अगदी क्वचित, पलीकडे जाता येते. या आधारावर 1938 मध्ये हान्स बेथे याने क्रिचफील्डच्या साह्याने हिशेबाची शेवटची तोंडमिळवणी केली.

तिचे स्वरूप असे. दोन प्रोटॉन एकत्र येतात, आणि त्याच क्षणी त्यांपैकी एकाचा न्यूट्रॉन होतो, तेव्हा जड हायड्रोजनचे केंद्रक तयार होते. त्याला तिसरा प्रोटॉन मिळून हलका हेलियम होतो. आणि अशी दोन हलकी केंद्रके भिडली म्हणजे एक पूर्ण हेलियम जन्मतो व दोन प्रोटॉन मोकळे होऊन पुन्हा रांगेत जातात. याला संमीलन म्हणतात. सूर्याच्या मध्यभागी, जेथे तापमान दीड कोटी अंशांच्या घरात आणि घनता पाण्याच्या दीडशे पट आहे, तेथे हे काम अखंड चालते. दर सेकंदाला सुमारे 60 कोटी टन हायड्रोजन खर्ची पडतो आणि त्यातील सुमारे 42 लक्ष टनांचा प्रकाश होतो. सूर्याहून पुष्कळ मोठ्या ताऱ्यांत हेच काम कार्बनच्या मध्यस्थीने होते, हेही बेथेने दाखविले, आणि 1967 मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

हे आकडे ऐकून वाटते की एवढ्या उधळपट्टीला कोणता खजिना पुरेल? येथेच त्या व्यवस्थेची खरी खुबी आहे. संमीलनातील पहिली पायरी, दोन प्रोटॉनांनी एकत्र येऊन एकाने रूप पालटण्याची, इतकी दुर्घट आहे की गाभ्यातील एखाद्या प्रोटॉनला तिची सरासरी नऊशे-हजार कोटी वर्षे वाट पाहावी लागते. सूर्य दीर्घायुषी आहे तो त्याचा खजिनदार इतका सावकाश हात सोडतो म्हणून. गाभ्यातील एक घनमीटर भागातून निघणारी उष्णता तेवढ्याच आकारमानाच्या जिवंत मनुष्यदेहांतून निघणाऱ्या उष्णतेहूनही कमी भरते. सूर्याचे तेज त्याच्या विराट आकारात आहे, आचेच्या तीव्रतेत नाही. शिवाय आच वाढू लागली की गाभा फुगतो व निवतो, मंदावली की आकसतो व तापतो. अशा रीतीने खर्च आपोआप मर्यादेत राहतो. कोणत्याही मामलेदाराला आपल्या तालुक्याचा ताळेबंद इतका नेटका ठेवता आला असेल असे मला वाटत नाही.

नाशिककराला या संदर्भात गुरूची आठवण झाल्यावाचून राहत नाही. बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत येतो आणि त्र्यंबकेश्वरी व रामकुंडावर सिंहस्थ भरतो. आमच्या शहराचे सारे महापर्व या एका ग्रहाच्या चालीवर बांधलेले आहे. हा गुरूही सूर्याप्रमाणेच मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम यांचा आहे, परंतु त्याचे वस्तुमान सूर्याच्या सहस्रांशाएवढे. आणखी सुमारे पंच्याहत्तर-ऐंशी पट द्रव्य त्याच्या पदरी असते तर त्याच्याही गाभ्यात संमीलन सुरू झाले असते. तेवढे धन जमले नाही, म्हणून तो आजन्म सूर्याच्याच प्रकाशावर झळकत राहिला.

बेथेचे गणित सुंदर होते; परंतु गाभ्यात डोकावून त्याचा पडताळा कोण घेणार? तेथे जन्मलेला प्रकाश द्रव्यात अडखळत पृष्ठावर पोचेपर्यंत सहस्रावधी वर्षे लोटतात. न्यूट्रिनो नावाचे कण मात्र गाभ्यातून थेट बाहेर पडतात आणि पृथ्वीच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरातून सेकंदाला सुमारे साडेसहा हजार कोटी या प्रमाणात आरपार जातात. त्यांना पकडण्यासाठी खोल खाणीत उतरावे लागते. कोलारच्या सोन्याच्या खाणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी व इंग्रज सहकाऱ्यांसह 1965 मध्ये वातावरणात उत्पन्न होणारे न्यूट्रिनो टिपले. सूर्याच्या न्यूट्रिनोंचा मोर्चा अमेरिकेत रे डेव्हिसने सांभाळला; त्याला अपेक्षेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेच सापडले आणि तीस वर्षे हिशेबात तूट राहिली. अखेर कॅनडातील सडबरीच्या प्रयोगाने 2001 व 2002 मध्ये सिद्ध केले की उरलेले वाटेत रूप पालटून येतात. वहीतील शिल्लक जुळली.

ज्या 1938 साली बेथे हे काम करीत होता, त्याच साली 19 जुलैला कोल्हापुरात जयंत विष्णू नारळीकर यांचा जन्म झाला. केंब्रिजला ते फ्रेड हॉइल यांचे शिष्य झाले, आणि हॉइल हे तर ताऱ्यांच्या चुलीतील पुढच्या पाकाचे आचार्य: हायड्रोजन संपल्यावर हेलियमचा कार्बन कसा होतो, हे कार्बनच्या केंद्रकात एक विशिष्ट ऊर्जापातळी असल्यावाचून शक्य नाही, असे त्यांनी 1953 मध्ये आधी सांगितले आणि प्रयोगाने ती मागाहून सापडली. आपल्या हाडांतील चुना आणि रक्तातील लोह ताऱ्यांच्या गाभ्यातून आले, हे 1957 च्या ज्या प्रसिद्ध निबंधाने मांडले, त्याच्या चार लेखकांत हॉइल होते. नारळीकर ही विद्या घेऊन स्वदेशी परतले, आणि ती त्यांनी मराठीत आणली. कथांतून आणली, व्याख्यानांतून आणली, शाळकरी मुलांच्या प्रश्नांना लिहिलेल्या उत्तरांतून आणली. डिसेंबर 2021 मध्ये नाशिकला 94 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे ते अध्यक्ष होते. पृथ्वीकडून सूर्याला प्रेमगीत गाववणाऱ्या कुसुमाग्रजांचे हे गाव, आणि संमेलनस्थळालाही त्यांचेच नाव दिलेले. अशा ठिकाणी सूर्याचे मर्म जाणणारा अध्यक्ष लाभावा हा योग दुर्मीळ होता. प्रकृतीच्या कारणाने त्यांना तेथे येता आले नाही. 20 मे 2025 रोजी ते पुण्यात निवर्तले.

तेव्हा उषवदाताच्या कलमाने तपासले तर सूर्याची नीवी अक्षय नाही. तो मुद्दलातूनच खर्च करतो. सुमारे 460 कोटी वर्षांत प्रकाशरूपाने त्याचे वस्तुमान दहा हजारांत तीन भागांएवढेच घटले आहे, पण गाभ्याच्या मध्यात आरंभी जो हायड्रोजन होता त्यातील निम्मा संपून त्याची राख झाली आहे, आणि उरलेला सुमारे पाचशे कोटी वर्षे पुरेल. गेल्या वैशाखात मी पुन्हा त्या ओसरीत उभा राहून लेख अक्षर लावीत वाचला. मला दहा मिनिटे लागली. तेवढ्यात सूर्याचे अडीचशे कोटी टन वजन उतरले असेल. आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवले तेव्हा जो प्रकाश सूर्यपृष्ठावरून निघाला होता, तो शेवटच्या ओळींपाशी माझे बोट पोचेतो बाहेरच्या पायऱ्यांवर येऊन पडला होता.